डॉक्टर खासगीच राहू द्या, पण पहिल्या गोळीआधी बेडका तपासून घ्या

तुमचा प्रश्न इतर वाचकांसाठी आधी थोडक्यात मांडतो. भाऊ २६ वर्षांचा, डोंबिवलीत राहतो, गोदामात कंत्राटी नोकरी. पाच आठवडे खोकला, संध्याकाळी बारीक ताप, चार किलो वजन घटून आता ५८ वर आलं आहे. फॅमिली डॉक्टरांनी दोनदा अँटिबायोटिकचा कोर्स दिला. मग एक्स-रे काढला, त्यात उजव्या फुफ्फुसात वरच्या बाजूला डाग दिसला. छातीच्या डॉक्टरांनी तो पाहून ‘टीबी आहे, आजपासून एकेटी सुरू करा’ असं सांगून टीबीच्या चार औषधांचं तयार किट लिहून दिलं. बेडका तपासलेला नाही. घरात मधुमेह असलेली आई आणि तुमचा तीन वर्षांचा मुलगा आहे. सरकारी दवाखान्यात गेलं तर नाव लागेल, कामावर कळेल, म्हणून भाऊ तिकडे जायला तयार नाही. तर उपचार खासगीतच घ्यावा का, असं तुम्ही विचारलं आहे.

यात दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत, ते आधी सुटे करू. डॉक्टर कोण, हा एक. तपासणी, औषध आणि नोंद कुठून, हा दुसरा. बहुतेकांना वाटतं की पहिल्याचं उत्तर ठरलं की दुसऱ्याचंही ठरलं. तसं आता राहिलेलं नाही. राष्ट्रीय क्षयरोग निर्मूलन कार्यक्रमात खासगी डॉक्टरचा पेशंट त्याच डॉक्टरकडे राहतो आणि तरीही त्याची बेडक्याची तपासणी, सहा महिन्यांच्या गोळ्या आणि पोषणाचे पैसे कार्यक्रमाकडून मिळू शकतात. त्यामुळे भावाला आवडता डॉक्टर सोडायची गरज नाही. त्या डॉक्टरांकडून काय करून घ्यायचं, हे मात्र तुम्हाला नेमकं माहीत हवं.

सगळ्यात आधी, एक्स-रेवरून औषध सुरू करण्याबद्दल. छातीचा एक्स-रे संशय घ्यायला फार चांगला आहे, शिक्कामोर्तब करायला कच्चा. वरच्या भागातला डाग टीबीचा असण्याची शक्यता २६ वर्षांच्या, वजन घटलेल्या मुलात भरपूर आहे, हे तुमच्या डॉक्टरांचं म्हणणं बरोबरच आहे. पण टीबी आहे की नाही यापेक्षाही मोठी गोष्ट एक्स-रे सांगू शकत नाही: हे जंतू रिफॅम्पिसिनला, म्हणजे टीबीच्या मुख्य औषधाला, दाद देतात की नाही. डोंबिवली, कल्याण, मुंबई या पट्ट्यात औषधांना न जुमानणारा टीबी भरपूर आहे. तो असेल आणि नेहमीच्या चार गोळ्या सुरू केल्या, तर पहिले काही आठवडे थोडं बरं वाटतं, मग पुन्हा ताप येतो. तोवर उरलेल्या औषधांविरुद्धही जंतू तयार झालेले असतात आणि घरातल्यांनाही तेच जंतू मिळालेले असतात. म्हणून पहिल्या गोळीआधी बेडका सीबीनॅट किंवा ट्रूनॅटला, म्हणजे जंतूंचा डीएनए आणि रिफॅम्पिसिनला असलेला प्रतिकार शोधणाऱ्या मशीनला, गेलाच पाहिजे. यात माझ्याकडून सूट नाही.

‘आधीच पाच आठवडे गेले, आता आणखी थांबायचं का’, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. सीबीनॅट मशीनला नमुना लागल्यापासून सुमारे दोन तास लागतात. रांग, वाहतूक धरून अहवाल एक-दोन दिवसांत येतो. चालता-बोलता पेशंट तेवढा थांबू शकतो. ज्याला धाप लागली आहे, खोकल्यातून जास्त रक्त पडतंय, मान ताठ होऊन ग्लानी आली आहे किंवा दोन्ही फुफ्फुसं बारीक दाण्यांनी भरली आहेत, त्याच्यासाठी कोणी थांबत नाही. नमुना घ्यायचा आणि त्याच तासाला औषध सुरू करायचं. तुमच्या भावाने एव्हाना गोळ्या सुरू केल्या असतील, तर त्या बंद करू नका. आजच नमुना द्या. सुरुवातीच्या काही दिवसांत तपासणी वाया जात नाही.

आता बेडका कसा द्यायचा, कारण बरेच नमुने इथेच फुकट जातात. डबीत थुंकी देऊन चालत नाही. पाण्यासारखं, फेसाळ, पारदर्शक काही असेल तर ती लाळ आहे. हवा आहे तो छातीतून आलेला घट्ट, पिवळसर किंवा हिरवट बेडका, किमान दोन मिलिलिटर, म्हणजे चहाचा अर्धा चमचा तरी. दोन नमुने द्यायचे, एक आत्ताचा आणि एक सकाळी उठल्याबरोबरचा. सकाळी दात घासण्याआधी साध्या पाण्याने चूळ भरायची, दोन-तीनदा खोल श्वास घेऊन प्रत्येक वेळी काही सेकंद रोखायचा, मग पोटापासून जोर लावून खोकायचं. हे गच्चीवर किंवा उघड्यावर करायचं, बंद खोलीत किंवा संडासात नाही. नाव आणि तारीख डबीच्या अंगावर लिहायची. झाकणावर लिहिलं आणि लॅबमध्ये झाकणं बदलली की पेशंटच बदलला. झाकण घट्ट लावून डबी प्लास्टिकच्या पिशवीत घालायची आणि त्याच दिवशी पोचवायची. उशीर होणार असेल तर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवायची, फ्रीजरमध्ये नाही.

मायक्रोस्कोपखाली जंतू दिसायला मिलिलिटरमागे पाच ते दहा हजार जंतू लागतात. सीबीनॅट शे-सव्वाशे असले तरी पकडते. म्हणून ‘बेडका तपासला, निगेटिव्ह आला’ असं कोणी म्हटलं की मी आधी विचारतो, कोणत्या पद्धतीने? ट्रूनॅट हे गोव्यात तयार झालेलं मशीन, मॉलबायो कंपनीचं. ते बॅटरीवर चालतं, म्हणून एसी लॅब नसलेल्या आरोग्य केंद्रातही ठेवता येतं. २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याला मान्यता दिली. दोन्हींपैकी जे जवळ असेल ते चालेल. खासगी लॅबमध्ये ही तपासणी दोन हजारांच्या पुढे जाते. कार्यक्रमाच्या लॅबमध्ये ती फुकट आहे आणि खासगी डॉक्टरांच्या चिठ्ठीवरही होते.

अहवालात दोन ओळी बघायच्या. ‘एमटीबी डिटेक्टेड’ म्हणजे टीबीचे जंतू आहेत. ‘रिफ रेझिस्टन्स नॉट डिटेक्टेड’ म्हणजे रिफॅम्पिसिन चालेल. ‘इंडिटरमिनेट’ आलं तर दुसरा नमुना लावायचा, अंदाज बांधायचा नाही. इथे एक फट राहते, ती खासगीत हमखास विसरली जाते. नेहमीची सीबीनॅट फक्त रिफॅम्पिसिनचं सांगते. आयसोनियाझिड या दुसऱ्या मुख्य औषधाला प्रतिकार असेल तर तो या अहवालात दिसत नाही. त्यासाठी दुसरा नमुना एलपीए नावाच्या तपासणीला पाठवावा लागतो आणि तोही कार्यक्रमामार्फत फुकट जातो. डॉक्टरांना एवढंच विचारा, ‘एलपीएला नमुना गेला का?’

दोन्ही नमुने निगेटिव्ह आले तर काय, हे मात्र परिस्थितीवर आहे. खारट पाण्याची वाफ देऊन पुन्हा बेडका काढता येतो, दुर्बिणीतून फुफ्फुस धुऊन नमुना घेता येतो, सीटी काढता येतो. हे सगळं करूनही काही सापडलं नाही आणि चित्र टीबीचंच असलं, तर डॉक्टर स्वतःच्या निर्णयावर उपचार सुरू करू शकतात आणि त्याचीही रीतसर नोंद होते. वाईट आहे ते एकदाही न तपासता सुरू करणं.

रक्ताच्या तपासण्यांबद्दल एक वाक्य पुरेल: टीबीच्या अँटिबॉडी शोधणाऱ्या रक्तचाचण्यांवर भारतात २०१२ पासून बंदी आहे, आणि मॅन्टू (ही त्वचेवरची चाचणी) किंवा टीबी गोल्ड (ही रक्ताची) पॉझिटिव्ह आली तर एवढंच कळतं की जंतू कधीतरी शरीरात शिरले होते. आजार आत्ता आहे की नाही, हे त्या सांगत नाहीत.

ज्यांना फुफ्फुसाबाहेरचा टीबी असेल, मानेला गाठ किंवा फुफ्फुसाभोवती पाणी, त्यांच्यासाठी एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट इथेच सांगून ठेवतो. गाठीचा तुकडा काढला की तो सवयीने फॉर्मालिनच्या बाटलीत टाकला जातो. फॉर्मालिनमध्ये जंतू मरतात आणि कल्चर, म्हणजे जंतू वाढवून बघायची तपासणी, कायमची हुकते. ऑपरेशनच्या आधी सर्जनला सांगायचं, तुकड्याचे दोन भाग करा, एक फॉर्मालिनमध्ये बायोप्सीसाठी आणि एक साध्या सलाइनमध्ये सीबीनॅट व कल्चरसाठी. एकदा टाके पडले की दुसरा तुकडा मिळत नाही. फुफ्फुसाभोवतीच्या पाण्यात सीबीनॅट बऱ्याचदा निगेटिव्ह येते, म्हणून तिथे एडीए (पाण्यातल्या एका एन्झाइमची तपासणी), पेशींची मोजणी आणि एक्स-रे एकत्र वाचावे लागतात.

आता किटकडे वळू, कारण तुम्ही दिलेल्या माहितीत मला सगळ्यात जास्त खटकलं ते इथे. बाजारात चार औषधांचं जे तयार किट मिळतं, त्यात बहुधा रिफॅम्पिसिन ४५०, आयसोनियाझिड ३००, इथॅम्ब्युटॉल ८०० आणि पायरॅझिनामाइड १५०० मिलिग्रॅम असतं. ४५ किलोच्या माणसाला ते बरोबर बसतं. तुमचा भाऊ ५८ किलोचा आहे. रिफॅम्पिसिन किलोमागे १० मिलिग्रॅमच्या आसपास लागतं, म्हणजे त्याला ५८०. किटमधून मिळतात ४५०, किलोमागे पावणेआठ. इथॅम्ब्युटॉलही किलोमागे चौदाच्या खाली जातं. रिफॅम्पिसिन हा या उपचाराचा कणा आहे. तो सहा महिने तोकडा पडला तर आजार उलटण्याची भीती वाढते.

कार्यक्रमाच्या गोळीत चारही औषधं एकत्र असतात: आयसोनियाझिड ७५, रिफॅम्पिसिन १५०, पायरॅझिनामाइड ४००, इथॅम्ब्युटॉल २७५. किती गोळ्या घ्यायच्या, हे मोठ्या माणसात वजनावर ठरतं: २५ ते ३४ किलोला दोन, ३५ ते ४९ ला तीन, ५० ते ६४ ला चार, ६५ ते ७५ ला पाच. भावाला चार गोळ्या, म्हणजे रिफॅम्पिसिन ६०० झालं. चारही गोळ्या एकाच वेळी, शक्यतो सकाळी रिकाम्या पोटी घ्यायच्या. मळमळ फारच झाली तर थोडं खाऊन घ्या, पण दिवसातून तीनदा वाटून घेऊ नका. पहिले दोन महिने, म्हणजे ५६ डोस, चार औषधांचे. पुढचे चार महिने, म्हणजे ११२ डोस, पायरॅझिनामाइड वगळून तीन औषधांचे. वजन वाढून पुढच्या गटात गेलं की गोळीही वाढते, म्हणून दर महिन्याला वजन करायचं आणि चिठ्ठीवर लिहून घ्यायचं. सोबत पायरिडॉक्सिन, म्हणजे बी-६ ची लहान गोळी असू द्या, आयसोनियाझिडमुळे हातापायांना येणाऱ्या मुंग्या त्याने टळतात.

‘सरकारी गोळ्या कमी दर्जाच्या, शिवाय त्या दिवसाआड देतात’ असं बऱ्याच खासगी दवाखान्यांत अजून ऐकू येतं. दिवसाआडची पद्धत पूर्वी होती आणि तिच्यावर छातीच्या डॉक्टरांचा आक्षेपही होता, तो बिनबुडाचा नव्हता. पण २०१७ मध्ये देशभर रोजच्या गोळ्या सुरू झाल्या. आता सरकारी आणि चांगल्या खासगी चिठ्ठीतला उपचार एकच आहे.

चिठ्ठीबद्दल मी इतकं का लिहितो आहे, त्याला कारण आहे. मुंबईच्या झोपडपट्टीतल्या खासगी डॉक्टरांना टीबीची चिठ्ठी लिहायला सांगून दोनदा अभ्यास झाला. १९९१ मध्ये छापून आलेल्या अभ्यासात सुमारे शंभर डॉक्टरांनी ८० वेगवेगळे उपचार लिहिले. वीस वर्षांनी, २०१० मध्ये आलेल्या धारावीच्या अभ्यासात १०६ डॉक्टरांनी ६३ वेगवेगळे उपचार लिहिले आणि नेमकी बरोबर चिठ्ठी फक्त सहा जणांची निघाली. हे सगळे डॉक्टर बेफिकीर होते असं मला मुळीच वाटत नाही. ते एकटे काम करत होते. लॅब शेजारी नाही, पेशंट परत आला नाही तर कळायची सोय नाही, महिन्याच्या औषधाचे पैसे पेशंटकडे नाहीत. अशा वेळी डॉक्टर ‘ताकदीसाठी’ पाचवं औषध वाढवतो किंवा ‘खात्रीसाठी’ नऊ महिने चालवतो. दोन्ही चुकीचं आहे. बरं वाटत नाही म्हणून चालू उपचारात एकच नवं औषध घालणं तर सगळ्यात घातक, कारण जुनी औषधं निकामी झाली असतील तर जंतूंसमोर ते नवं औषध एकटंच उभं राहतं.

फॅमिली डॉक्टरांनी दिलेले दोन अँटिबायोटिक कोणते होते, ते चिठ्ठी काढून बघा. त्यात लिव्होफ्लॉक्सासिन, मॉक्सिफ्लॉक्सासिन किंवा ऑफ्लॉक्सासिन असेल तर छातीच्या डॉक्टरांना आवर्जून सांगा. ही औषधं टीबीच्या जंतूंनाही अर्धवट मारतात. चार दिवस ताप उतरतो, खोकला कमी होतो, सगळ्यांना वाटतं न्यूमोनिया होता. निदान काही आठवडे पुढे जातं आणि औषधांना न जुमानणाऱ्या टीबीत जे औषध पुढे लागणार, त्याचीच धार बोथट होते. दोन आठवड्यांच्या वर खोकला असलेल्या माणसाला बेडका तपासल्याशिवाय या गटातलं औषध देऊ नये, इतकं साधं आहे. स्टेरॉइडचंही तेच.

नाव लागण्याच्या भीतीकडे आता येतो. नोंद टळणार नाही आणि टाळूही नये. प्रत्येक डॉक्टर, लॅब आणि रुग्णालयाने टीबीचा पेशंट सरकारला कळवायचा, असा आदेश मे २०१२ मध्ये निघाला. मार्च २०१८ च्या अधिसूचनेने औषध दुकानदारही त्यात आले आणि न कळवणाऱ्या डॉक्टर वा दुकानदारावर फौजदारी कलमांखाली कारवाईची तरतूद झाली. टीबीची औषधं २०१४ पासून एच-वन अनुसूचीत आहेत, म्हणजे केमिस्टने डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, औषध आणि किती दिलं हे वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहून तीन वर्षं जपायचं. त्यामुळे खासगीत गेलो म्हणजे कुठे नावच नाही, हा समज मुळातच चुकीचा.

पण ही नोंद जाते ती ‘नि-क्षय’ या पोर्टलवर, कार्यक्रमाच्या कर्मचाऱ्यांकडे. तिथून मालकाला, ठेकेदाराला किंवा सोसायटीला कोणी कळवत नाही. भावासारख्यांची खरी भीती बहुतेक वेळा वेगळीच असते: टीबीचा कर्मचारी चाळीत येऊन मोठ्याने नाव विचारेल आणि शेजारी ऐकतील. त्यावर उपाय आहे. नोंद करताना मोबाइल नंबर भावाचाच द्या आणि स्पष्ट सांगा, ‘घरी येण्याआधी फोन करा, दवाखान्यात भेटू.’ मी खासगी डॉक्टरांनाही हेच सांगतो की कार्यक्रमाच्या पर्यवेक्षकाचा पहिला फोन जाण्याआधी तुम्ही स्वतः पेशंटला दोन मिनिटं समजावून सांगा. अनोळखी नंबरवरून ‘तुम्हाला टीबी आहे ना?’ असं ऐकू आलं की माणूस डॉक्टरच बदलतो, आणि मग त्याचा माग लागत नाही.

नोंद झाली की नि-क्षय आयडी मिळतो. तो फोनमध्ये जपून ठेवा. भाऊ मधेच गावी गेला तरी त्या आयडीवर तिथल्या केंद्रातून गोळ्या सुरू राहतात. त्याच आयडीवर नि-क्षय पोषण योजनेचे महिन्याला १००० रुपये बँक खात्यात येतात. नोव्हेंबर २०२४ आधी ते ५०० होते. खासगी डॉक्टरच्या पेशंटलाही हे मिळतात. अडकतात ते खातं आधारशी जोडलेलं नसल्यामुळे, म्हणून ते पहिल्याच आठवड्यात बघा. नोंदीसाठी आणि उपचाराचा शेवट कळवण्यासाठी खासगी डॉक्टरांनाही मानधन ठरलेलं आहे, तेव्हा ‘या कटकटीत कोण पडतं’ असं कोणी म्हणालं तर ते फारसं पटण्याजोगं नाही. २०१३ मध्ये देशभरातून खासगी क्षेत्राने चाळीस हजारही पेशंट कळवले नव्हते. २०२३ मध्ये नोंदलेल्या सुमारे साडेपंचवीस लाखांपैकी जवळपास एक तृतीयांश खासगीतून आले. म्हणजे हे जमतं, आणि बरेच डॉक्टर करतातही.

आतापर्यंतचं एका दमात सांगायचं तर: बेडका आधी, गोळ्या वजनाप्रमाणे, नोंद पहिल्याच आठवड्यात. मग खासगी डॉक्टरचं काम काय उरतं? खरं तर सगळ्यात मोठं काम तिथूनच सुरू होतं.

सहा महिने पेशंटला धरून ठेवणं हे ते काम, आणि ओळखीचा दवाखाना ते सरकारी केंद्रापेक्षा चांगलं करू शकतो. संध्याकाळी उघडा असतो, घराजवळ असतो, आई त्याच डॉक्टरकडे साखर दाखवायला जाते. गळती दोन ठिकाणी होते. पहिली, पहिल्या पंधरवड्यात, मळमळ आणि घाबरण्याने. लघवी केशरी होते, ती रिफॅम्पिसिनमुळे, आणि ती निरुपद्रवी आहे. हे आधी सांगितलं नाही तर ‘लिव्हर गेलं’ म्हणून गोळ्या बंद होतात. दुसरी, दोन महिन्यांनी, बरं वाटलं म्हणून. तेव्हा खोकला गेलेला असतो, वजन तीन-चार किलो वाढलेलं असतं आणि गोळ्या खायचं कारणच उरलेलं वाटत नाही. पण दडून बसलेले, सावकाश वाढणारे जंतू तेव्हा जिवंत असतात, त्यांच्यासाठीच पुढचे चार महिने आहेत.

कोणत्या त्रासाला थांबायचं आणि कोणत्याला धावायचं, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. सांधेदुखी, थोडी मळमळ, हलकी खाज यांत गोळ्या चालू ठेवून डॉक्टरांना दाखवायचं. डोळे पिवळे होणं, जेवण अजिबात नकोसं होऊन सतत उलट्या, उजव्या बरगडीखाली दुखणं यांत सगळ्या गोळ्या थांबवून त्याच दिवशी लिव्हरची तपासणी करायची. त्रासासह एएलटी (लिव्हरच्या रक्ततपासणीतला आकडा) कमाल मर्यादेच्या तिप्पट गेलं किंवा त्रास नसतानाही पाचपट गेलं तर औषधं थांबवतात आणि ते उतरल्यावर एकेक करून पुन्हा सुरू करतात. हे घरी ठरवायचं काम नाही. नजर धूसर झाली, लाल-हिरवा रंग फिका वाटू लागला तर इथॅम्ब्युटॉल ताबडतोब बंद करून डोळे तपासायचे. भाऊ दारू घेत असेल तर सहा महिने पूर्ण बंद.

सुरुवातीला एचआयव्ही आणि रक्तातली साखर तपासायचीच, वय कितीही असो. दोन महिने पूर्ण झाल्यावर बेडका मायक्रोस्कोपखाली पुन्हा तपासायचा आणि उपचार संपताना पुन्हा. या वेळी सीबीनॅट लावू नका, ती मेलेल्या जंतूंचा डीएनएही पकडते आणि उगाच घबराट होते. दोन महिन्यांनी बेडका पॉझिटिव्ह राहिला तर मात्र प्रतिकाराची तपासणी पुन्हा करायची. एक्स-रे पूर्ण साफ होईलच असं नाही, व्रण राहतो. त्या व्रणासाठी औषध लांबवायचं नसतं. मेंदू, हाडं, मणका यांचा टीबी असेल तरच मुदत वाढते.

आता घरचे. भावाला टीबी पक्का झाला की तुमचा मुलगा आणि आई दोघांचीही तपासणी त्याच आठवड्यात हवी. खासगी उपचारात सगळ्यात जास्त सुटून जाते ती हीच गोष्ट, कारण डॉक्टरसमोर पेशंट एकटा बसलेला असतो. पाच वर्षांखालच्या मुलात टीबी झपाट्याने पसरतो, मेंदूपर्यंत जाऊ शकतो. मुलाचं वजन, ताप, खोकला, खेळकरपणा बघायचा, एक्स-रे काढायचा. आजार नाही याची खात्री झाली की त्याला प्रतिबंधक उपचार सुरू करायचा. एवढ्या लहान मुलाला बहुधा रोज आयसोनियाझिड, किलोमागे साधारण दहा मिलिग्रॅम, सहा महिने. मोठ्यांसाठी आठवड्यातून एकदा अशा बारा डोसांचाही पर्याय आहे. खात्री आधी यासाठी की आजार असताना एकटं आयसोनियाझिड दिलं तर प्रतिकार आपणच तयार करतो. भावाच्या अहवालात रिफॅम्पिसिनला प्रतिकार आला तर हे गणित बदलतं, तेव्हा अहवाल हातात आल्यावरच मुलाचं ठरवा. आईची साखर नीट मोजून आटोक्यात आणा, मधुमेहात टीबीचा धोका दोन-तीन पट होतो.

ताटवाटी वेगळी करायची गरज नाही, टीबी भांड्यांतून पसरत नाही. हवेतून पसरतो. भावाला खिडकीजवळ झोपू द्या, खिडकी उघडी ठेवा, पहिले दोन आठवडे मास्क आणि लहान मुलाजवळ झोपणं टाळणं एवढं पुरे. औषधांना दाद देणारा टीबी असेल तर साधारण दोन आठवड्यांच्या योग्य उपचारानंतर संसर्गाची भीती खूप कमी होते आणि ताकद आली की तो कामावर जाऊ शकतो.

खासगी दवाखान्यातून केंद्राकडे जावंच लागेल असे प्रसंगही आहेत. रिफॅम्पिसिनला प्रतिकार आला तर एक दिवसही न दवडता औषध-प्रतिरोधक टीबीच्या केंद्रात जायचं. मुंबईत शिवडीचं क्षयरोग रुग्णालय, पुण्यात औंधचं उरो रुग्णालय, आणि जिल्ह्याजिल्ह्यांतही अशी केंद्रं आहेत. बेडाक्विलिन आणि प्रेटोमॅनिड असलेला सहा महिन्यांचा नवा उपचार कार्यक्रमामार्फतच मिळतो आणि तो फुकट आहे. खासगीत याच आजाराला औषधं जुळवत बसलं तर पैसे जातात आणि वेळही. एचआयव्ही, गरोदरपण, आधी एकदा टीबी होऊन गेलेला, लिव्हरचा जुना आजार, यांतही उपचाराची आखणी केंद्राशी बोलून करावी. जवळचे डॉक्टर तेव्हाही हवेतच, वजन, साखर, उलट्या-मळमळ बघायला.

हे उत्तर एखादे फॅमिली डॉक्टर वाचत असतील, मग ते एमबीबीएस असोत वा आयुर्वेद-होमिओपॅथीचे, तर त्यांच्यासाठी इतकंच. दवाखान्याच्या कपाटात झाकणाच्या दहा डब्या ठेवा. दोन आठवड्यांच्या वर खोकला म्हटलं की डबी हातात द्या. जवळच्या टीबी युनिटच्या पर्यवेक्षकाचा नंबर टेबलावर चिकटवून ठेवा. वेटिंगमध्ये पंखा असा लावा की हवा खिडकीबाहेर जाईल, आणि खोकणाऱ्या पेशंटला आधी आत घ्या. टीबीचं औषध स्वतः सुरू करायचं नसेल तरी हरकत नाही. पेशंट पाठवल्यावर चार दिवसांनी एक फोन करून ‘गेलास का?’ विचारा. बहुतेक पेशंट पहिला दवाखाना आणि योग्य दवाखाना या दोघांच्या मधेच हरवतात.

तुमच्यासाठी आजची कामं. गोळ्या सुरू केल्या नसतील तर किट तसंच ठेवा. संध्याकाळी डॉक्टरांकडे जाऊन सीबीनॅटची चिठ्ठी मागा आणि सोबत तीन गोष्टी विचारा: एलपीएला नमुना जाईल का, ५८ किलोला रिफॅम्पिसिन किती, आणि नि-क्षयवर नोंद तुम्ही कराल की आम्ही केंद्रात करून घेऊ? ‘नोंदीची गरज नाही’ असं उत्तर आलं तर दुसरे छातीचे डॉक्टर गाठा. एक डबी आणून ठेवा, सकाळचा नमुना महापालिकेच्या जवळच्या आरोग्य केंद्रात द्या. केंद्र कुठे आहे हे कळत नसेल तर १८००-११-६६६६ या मोफत क्रमांकावर फोन करा. अहवाल आला की त्या दोन ओळी इथे लिहा, पुढचं तेव्हा बोलू.